गयाबाईचा पंप

गयाबाईचा हात जड होता. हे मी कोणाचं ऐकून सांगत नाही, गालावर झेलून सांगतोय.

पहिला झेलला तो नोकरी मागायला गेलो त्या दिवशी. हर्सूल सोडून पिशोरच्या बाजूला निघालं की डाव्या हाताला तिचा पेट्रोलपंप लागायचा. मी हर्सूलचाच. बी.कॉम. होऊन शहरात दोन-तीन दुकानांत कारकुनी केली, मालकांशी भांडलो, घरी बसलो. पंपाला मॅनेजर पाहिजे असं कळलं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. केबिनमध्ये पन्नाशीची एक बाई बसलेली. सावळी, रुंद हाडाची, पदर कमरेला खोचलेला, चपला खुर्चीखाली काढून ठेवलेल्या. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, शर्टाच्या खिशाकडं पाहिलं.

“खिशात काय हाय?”

“पेन हाय, बाई.”

“पेनाच्या मागं?”

पेनाच्या मागं माचिस होती. ती काढून दाखवायच्या आत सटकन आवाज आला आणि माझा चष्मा टेबलाखाली गेला. बाईमाणसाचा मार मी लहानपणी अम्मीकडून खाल्ला होता, पण तो मार म्हणजे लाड होते. इथं डोळ्यांपुढं काजवे चमकले. चष्मा शोधून वर आलो तर समोर चहाचा कप.

“नाव काय?”

“सलीम.”

“उद्या सकाळी ये. ते घरी ठिवून ये.”

घरी येऊन मी अम्मीला सांगितलं, जहन्नम में गयी ऐसी नौकरी. अम्मी गालाकडं बघून हसत सुटली. म्हणाली, “बिडी तो छूटेगी. जा.” गेलो. बिडी सुटली, आणि गयाबाई असेपर्यंत नोकरी सुटली नाही.

तोंडावर मी तिला अहोजाहो करायचो. इथं लिहिताना मात्र अगंतुगंच येतंय. ज्या माणसाचा मार खाल्ला त्याच्याशी मानपानाचं नातं राहत नाही.

तिच्या मारण्याला कायदा होता. पंपाच्या हद्दीत पेटलेलं किंवा पेटवायचं काहीही दिसलं की हात सुटायचा. तिथं सायकलवाला, जीपवाला, पुढारी, पुढाऱ्याचा मेहुणा, सगळे सारखे. एकदा एका फौजदाराच्या तोंडातली सिगारेट तिनं हिसकून पायाखाली चिरडली आणि त्याला नुसतं ढकललं. बाकी पोरं म्हणाली, वर्दी बघून बाई नरमली. तसं काही नव्हतं. दुसऱ्या हातात पेट्रोलची नळी होती म्हणून तो वाचला.

दुसरं कलम मापाचं. कोणी म्हणालं, “बाई, कमी भरलं वाटतं,” की ती आत जाऊन सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं पितळी माप घेऊन यायची. त्या माणसासमोर मशीन शून्यावर आणायची, “डोळे फाडून बघ,” म्हणायची आणि माप भरायची. पेट्रोल बरोब्बर रेघेला टेकलं की माप खाली ठेवायची आणि मग ठेवून द्यायची एक. म्हणायची, “पेट्रोलाचं झालं. हे शंकेचं.” आधी माप, मग मार. उलटं कधी झालं नाही.

मापाचं एवढं काय, असं मला आधी वाटायचं. एकदा चौदा एप्रिलला पंपावर सगळ्यांना खीर वाटून झाल्यावर ती निवांत बसली होती, तेव्हा तिनंच सांगितलं. पंप तिला राखीव कोट्यातून मिळालेला. सुरुवातीची वर्षं आजूबाजूच्या गावांतले लोक गाडी ढकलत पुढच्या पंपावर न्यायचे, पण हिच्या इथं थांबायचे नाहीत.

“माह्या हातचं पेट्रोल बी बाटत व्हतं त्यांला,” ती म्हणाली. “पन गाडीला कुठं जात ऱ्हाती, सलीम? ह्या पंपाचं पेट्रोल टाकलं का गाडी जास्ती पळायची. माणसं बोलली नाय, गाड्या बोलल्या. तवा आले मुडदे.”

तर असं होतं. लोक तिच्यासाठी आले नव्हते, तिच्या मापासाठी आले होते, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यातलाच एक रंगनाथ. पिशोरकडच्या खेड्यांतलं दूध गोळा करून शहरात घालायचा. पेट्रोलची जुनी व्हॅन, मागं दुधाचे कॅन. रोज पहाटे पहिली गाडी त्याची. “बाई, जयभीम,” म्हणायचा. आम्हाला चहाला दूध द्यायचा. एक-दोनदा त्यानंही शंकेची खाल्ली होती, पण गाल चोळत हसायचा. सांगायचा की बाईचा हात लागला त्या दिवशी दूध नासत नाही.

आता वरातीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय गयाबाई समजायची नाही.

लग्नसराई होती. डेपोवरून आलेला टँकर पंपावर खाली होत होता, म्हणजे जमिनीतल्या टाकीत पेट्रोल ओतणं चालू होतं. अशा वेळी हवेतसुद्धा पेट्रोल असतं. आम्ही लोखंडी बादलीदेखील हळू ठेवतो. आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावरून एक वरात आली. बँड, घोड्यावर नवरदेव, पुढं नाचणारी पोरं. एकानं फटाक्यांची लांबलचक माळ थेट पंपाच्या तोंडाशी पसरली आणि वाकून काडी ओढली.

गयाबाई केबिनमधून कशी निघाली ते मला दिसलंच नाही. अनवाणी होती. वाळूची बादली तिनं त्या पोराच्या हातावर, काडीवर, तोंडावर रिकामी केली आणि रिकाम्या बादलीनं त्याला हाणलं. नवरदेवाचा मामा मध्ये आला, त्यालाही. तो प्यालेला होता. त्यानं तिची जात काढली. मग काय विचारता! बाईनं बादली फेकली, घोड्याच्या पट्ट्याला धरून नवरदेवालाच खाली ओढला. फेटा तिच्या हातात, नवरदेव धुळीत. अख्खी वरात आमच्यावर तुटून पडली. आमच्या दोन पोरांची डोकी फुटली, माझा ओठ फाटला. बँडवाल्यानं ट्रम्पेटनं मारलं मला, अल्ला कसम. गयाबाईला चौघांनी पाडलं तर तिनं मामाच्या कानाचा चावा घेतला. सोडवली तेव्हा तिच्या हनुवटीवर रक्त होतं, तिचं नव्हतं.

ठाण्यात दोन्हीकडचे लोक समोरासमोर बसवले. नवरदेव रडकुंडीला आलेला, हळद आणि माती एक झालेली. गयाबाई त्याला म्हणाली, “लेकरा, आज तुह्या मायला तुही राख गोळा करावी लागली असती. जा. नांदा सौख्यभरे.”

त्या दिवसानंतर त्या रस्त्यावर एक रीतच पडली. कोणाचीही वरात असो, पंप लांबून दिसला की बँड थांबायचा. नाचणारे सरळ चालायला लागायचे. पंप मागं पडला की परत धिंगाणा सुरू. लोक म्हणायचे, गयाबाईच्या पंपासमोरून वरातसुद्धा मयतीसारखी जाते.

ठाण्यातून परत येताना मी चिडलो होतो. ओठाला रुमाल लावून मी तिला म्हणालो, “बाई, एका माळेपायी एवढं? सांगून ऐकलं असतं त्यांनी.”

ती म्हणाली, “माह्या मालकानं सांगितलंच व्हतं की लोकांला.”

तिचा नवरा टँकरवर ड्रायव्हर होता. कन्नडच्या घाटात त्याचा टँकर उलटला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. काच फोडून तो आणि क्लीनर बाहेर आले. टाकी फुटली होती आणि पेट्रोल उतारानं वाहत होतं. बघता बघता माणसं आली. डबे, हंडे, बादल्या, एक बाई तर पोराची आंघोळीची तपेली घेऊन आलेली. हा ओरडत राहिला, हात जोडले, पाया पडला, मग हाकलायला लागला. कोणी ऐकेना. फुकटचं पेट्रोल! क्लीनर लांब पळाला आणि तिथून त्यानं पाहिलं. कोणीतरी बिडी पेटवलेली होती.

“तो पळाला असता तर वाचला असता,” गयाबाई म्हणाली. “शेवटपर्यंत लोकांलाच ढकलत व्हता. घाटी दवाखान्यात वळखायला नेलं मला. पायाच्या अंगठ्यावरून वळखला. सांगून ऐकत नाय रे माणूस. पेट्रोल दिसलं का त्याला दुसरं काय दिसतच नाय.”

मी रुमाल तोंडावरून काढला नाही. रडत होतो ते तिला दिसू नये म्हणून.

असली ही बाई पंप चालवायची आणि पेट्रोलचा तिला मनापासून राग होता. कंपनीच्या मीटिंगला शहरात गेली की तिथं साहेबलोक सांगायचे ते ती आम्हाला येऊन सांगायची. तेल आता खोल खोल जाऊन काढावं लागतंय, नवीन सापडतंय ते थोडं, आपल्याला तर सगळं बाहेरून आणायचं. साहेब हे सगळं चहा-बिस्किटं खात सांगतात याचा तिला संताप यायचा. म्हणायची, “हिरीचं पाणी आटाया लागलं का माणसं आधी हिरीपशी भांडतेत. मग हिरीत उतरतेत. ह्यांला वाटतं, मशीन हळूच बंद व्हईल आन लोक हसत घरी जातील.”

तिनंच हट्टानं पंपाच्या छतावर सोलर बसवलं. पॅनल लावायला आलेला मिस्त्री छतावर बसून बिडी ओढताना सापडला, तर ही शिडी चढून वर गेली आणि त्याला तिथंच हाणला. खाली पेट्रोल भरणारे लोक मान वर करून बघत होते. बाजूच्या मोकळ्या जागेत गाड्या चार्ज करायचं मशीनही तिनं बसवलं. त्या रस्त्यावर तेव्हा बॅटरीची गाडी औषधालाही दिसत नव्हती.

तिची लेक बिडकीनला दिलेली. जावई तिकडच्या कारखान्यात. तो आला आणि चार्जिंगचं मशीन बघून म्हणाला, “आत्या, पेट्रोलपंपावर हे म्हणजे खाटकाच्या दुकानात बोकडाचा दवाखाना झाला.”

मला वाटलं, गेला जावई. पण ती हसली. पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “जावईबापू, टँकर उलटला का लोक डबे घेऊन पळतेत. हे ऊन रोज सांडतंय वरून. कोण पळतंय का डबा घेऊन? कोण मेलं का त्याच्यापायी?”

मी त्यानंतर त्या मशीनची थट्टा केली नाही. धूळ बसली की फडकं मारायचो.

मग तो उन्हाळा आला. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई पेटली, तेलाची जहाजं अडकली, अशा बातम्या यायला लागल्या. आधी आम्ही टीव्हीवर बघायचो, मग दारात बघायला लागलो. डेपोवरून रोज येणारा टँकर दोन-तीन दिवसांआड यायला लागला, मग त्याचा भरवसाच राहिला नाही. रांगा रस्त्यापर्यंत गेल्या. गयाबाईनं नियम केला की प्रत्येकाला थोडं थोडं, बाटलीत-डब्यात कोणालाही नाही, आणि दवाखान्याच्या गाडीला आधी. शिव्या खात आणि देत आठवडा गेला. तिचा हात रोज सुटायचा. पण पहिल्यांदाच मला असं दिसलं की मार खाणारी माणसं गाल चोळत हसत नाहीत. टक लावून बघत राहतात.

एका सकाळी मशीन नुसती हवा ओढायला लागलं. टाकी संपली. तिनं दोरी लावून पंप बंद केला आणि पाटी लावली.

त्या दिवसांत गावांत वीजही धड नव्हती. दिवसदिवस बत्ती गुल. आणि आमच्याकडं वर सोलर, त्यामुळं पंखा चालू, पंपाचे दिवे चालू, मशीनवरचे आकडे लकलकत. रस्त्यानं जाणाऱ्याला ते लांबून दिसायचं. दोनच दिवसांत बोलणं पसरलं की दिवे चालू म्हणजे पंप चालू. गयाबाई साठा करतीय. अंधारात मोठ्या लोकांना विकतीय.

भर दुपारी माणसं जमली. आधी पन्नासेक असतील, मग मोजण्यात अर्थ उरला नाही. हातात डबे, कॅन, काठ्या. पुढं रंगनाथ होता. त्याची व्हॅन रस्त्याकडंला उभी, मागं दुधाचे कॅन. तीन दिवसांचं दूध त्यानं ओतून दिलेलं, चौथ्या दिवसाचं आंबत होतं. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याचं चुकलं असं मी आजही एकदम म्हणू शकत नाही. घरी खाणारी तोंडं होती.

“बाई, खरं सांगा. टाकीत हाय का नाय?”

“नाय.”

“दिवे तर चालू हायेत.”

“ते उन्हाचे हायेत, येड्या.”

मागून कोणीतरी ओरडलं, “चोर हाय ती! मापात मारती, आता साठ्यात मारती!”

मी गयाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिला लोकांनी काय काय म्हटलं होतं. जात काढली, नवऱ्याला खाल्लं म्हणाले. त्या सगळ्याला तिच्याकडं हात होता. ह्या शब्दाला तिच्याकडं हात नव्हता. ती पांढरी पडली. आत गेली आणि टाकीत घालून तेल मोजायची लांब पितळी काठी घेऊन आली.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण कळेपर्यंत पळत जाऊन अडवायला वेळच उरला नाही. टाकीच्या तळाला वीतभर पेट्रोल राहतंच. मशीनची नळी तिथपर्यंत पोचत नाही, ते ओढता येत नाही, आणि म्हणून आम्ही पंपावरची माणसं ते धरतच नाही. काठी वीतभर भिजली की आम्ही म्हणतो, टाकी कोरडी. रोज सकाळी तेच करत आलो. गयाबाईला ते इतकं अंगवळणी पडलेलं की त्या रागात तिच्या ध्यानातच आलं नाही की समोरचे लोक पंपावरचे नाहीत.

तिनं जमिनीतल्या टाकीचं लोखंडी झाकण उचललं, काठी आत सोडली, वर काढली आणि सगळ्यांसमोर उभी धरली. “बघा! डोळे फाडून बघा!”

काठी खालून वीतभर ओली होती. उन्हात चमकत होती.

पुढची माणसं वाकून बघायला लागली. मग एकजण म्हणाला, “हाय की.” आणि मग सगळेच. “हाय की! हाय की रे!” दोरी तुटली. माणसं आत घुसली. मशीनच्या काचा फुटल्या, केबिनच्या फुटल्या, वर छतावरच्या पॅनलवर दगड पडायला लागले, त्याच्या चुऱ्याचा पाऊस आमच्या डोक्यावर. मला दोघांनी टायरात हवा भरायच्या मशीनवर आपटलं. पुढचे दोन दात तिथंच गेले. रक्त थुंकत मी पाहिलं, तर रंगनाथ व्हॅनमधून फवारणीच्या पंपाची छोटी मोटार काढत होता. तिला पाइप, आणि दोन उघड्या वायरी. बॅटरीला लावायच्या, पाइप टाकीत सोडायचा आणि ओढून घ्यायचं.

त्यानं काय चालवलंय ते त्याला माहीत नव्हतं. रिकाम्या टाकीत पेट्रोलापेक्षा वाईट चीज असते, पेट्रोलाची हवा. त्या तोंडाशी एक ठिणगी पडली असती तर तो, मी, गयाबाई, ते पन्नास-शंभर डबेवाले, कोणीही पायाच्या अंगठ्यावरूनसुद्धा ओळखू आलं नसतं.

गयाबाईनं झाकण धाडकन लावलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसली.

“सलीम! मेन बंद कर!”

मी सरपटत जाऊन मेन बंद केला. वळून बघतो तर तिच्याभोवती कडं झालेलं.

“ऊठ, म्हातारे.”

“नाय.”

केस धरून ओढलं. लाथा घातल्या. काठी पाठीवर बसली, परत बसली. तिच्या अंगातला तो जोर मला ठाऊक होता. चौघांनी पाडलं तरी कानाचा चावा घेणारी बाई. एक हात उगारला असता तर पुढच्या दोघांचे दात गेले असते. पण हात उगारायचा तर झाकणाची कडी सोडावी लागली असती. तिनं दोन्ही हातांनी कडी धरलेली, मान छातीत घातलेली. मी ओरडत होतो, “अरे मर जायेगी वो! छोड दो रे!” मला धरून ठेवलेलं. मग मोटार व्हॅनपाशी ठेवून, पेट्रोल भरायला दुधाचा रिकामा कॅन घेऊन रंगनाथ आला. म्हणाला, “बाई, सरका. माझं दूध चाललंय.” ती हलली नाही. त्यानं हातातला कॅन उचलला आणि तिच्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला एवढ्या गोंगाटात ऐकू आला. ती एकदाच कण्हली. कडी सोडली नाही.

“बसती का? बस!” रंगनाथ म्हणाला आणि आधी मोटार चालू करून बघायला व्हॅनकडं गेला. व्हॅनमध्ये त्यानं जपून ठेवलेली पेट्रोलची बाटली होती, ती धक्काबुक्कीत सांडलेली. त्यानं वायरी बॅटरीला टेकवल्या. चट् झालं. आणि भक्क करून अख्खी व्हॅन पेटली. रंगनाथ मागं उडून पडला, भुवया जळालेल्या, हातावर फोड. दूध उतू जाऊन रस्त्यावर आलं.

मग कुठलं पेट्रोल आणि कुठलं काय! डबे टाकून माणसं पळाली. एकमेकांना तुडवत पळाली. आमची पोरं वाळूच्या बादल्या घेऊन धावली. मी तोंडातून रक्त गाळत वाळू ओतत होतो आणि कलमा म्हणत होतो. वारा पंपाच्या उलट्या बाजूला होता म्हणून आज हे लिहायला उरलोय.

सगळं झाल्यावर तिच्याकडं गेलो. ती तशीच. साडी फाटलेली, एक डोळा मिटलेला, उजवा हात लोंबत होता आणि डाव्या हातात कडी.

“विझली?”

“विझली, बाई.”

“पक्की?”

“पक्की.”

“मग उठव मला.”

घाटीत तिच्यावर दोन ऑपरेशनं झाली. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मला वाटलं, आता ही माफबिफ करते की काय. छे! बाईनं एकेकाचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, शिव्यांसकट. रंगनाथ बरेच दिवस आत होता. जामिनावर सुटला.

पंप तिनं परत उभा केला. पेट्रोल पुढं यायला लागलं, पण पहिल्यासारखं नाही. कधी आहे, कधी नाही. पॅनल नवे लावले, आणि धूळ खात पडलेल्या त्या चार्जिंगच्या मशीनपाशी आता गाड्या दिसायला लागल्या होत्या. तिचा उजवा हात मात्र कमरेच्या वर जाईना, आणि डाव्यानं तिनं कधी कोणाला मारलं नव्हतं. बिडीवाला दिसला की नुसत्या शिव्या द्यायची. त्या शिव्या ऐकून मला रडू यायचं. पंपावर कोणीतरी सणसणीत मार खावा असं वाटायचं.

गयाबाई पुढं कावीळ होऊन गेली. लेक तिला बिडकीनला घेऊन गेली होती, तिथंच गेली. मी मातीला गेलो होतो, पण तिथं पाहिलेली गयाबाई मी मनात धरत नाही. तिला नेण्याच्या आदल्या आठवड्यात रंगनाथ पंपावर आला होता. तेव्हाची धरतो.

त्यानं कर्ज काढून बॅटरीची तीनचाकी घेतली होती. मागं दुधाचे कॅन. चार्ज संपत आलेला, गाडी मुंगीच्या चालीनं येत होती. दुसरं मशीन त्या रस्त्यावर नव्हतंच. तो गाडी घेऊन लांबच थांबला. पोरं काम सोडून उभी राहिली. मी केबिनच्या दारात. माझी जीभ दातांच्या रिकाम्या जागेवर गेली आणि खरं सांगतो, हाताच्या मुठी वळल्या.

गयाबाई खुर्चीवरून उठली. अंग पिवळं पडायला लागलं होतं, पण चालली ताठ. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. डावा हात मोडक्या खांद्याला धरलेला. रंगनाथ तिच्या त्या लोंबत्या हाताकडं बघत होता. मग तो खाली बसला. मांडी घालून, तिथंच, तापलेल्या जमिनीवर, म्हणजे त्याचा गाल तिच्या हाताच्या उंचीला आला.

“मारा, बाई,” तो म्हणाला. “आता पुरतो हात.”

तिचा हात हलला. मला वाटलं, आता आवाज येणार. पंपावरचे सगळे त्या आवाजाची वाट बघत होते.

“ऊठ,” गयाबाई म्हणाली. “बसलेल्या माणसाला मी हात लावत नाय.”

तो उठला नाही. ती वळली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, “सलीम, ह्याच्या गाडीला वायर लाव. दूध नासंल.”

मी वायर लावली. गाडी चार्ज होईपर्यंत रंगनाथ उन्हात तसाच बसून होता.